खर्र्यात बुडालेले प्रत्यय

फाल्गुन आला की लोकांना पळस दिसतो. दिसो बापडा. मला खाज सुटते, आणि खाजेच्या मागोमाग शिसारी येते.

गेल्याच आठवड्यातली गोष्ट. कोंढ्याकडच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते, तिथे बारावीची प्रात्यक्षिकं चालू आहेत. आमचे शिपाई उद्धवभाऊ वर्तमानपत्राच्या पुडीत काहीतरी बांधून घेऊन आले. "मॅडम, रानातून शेंगा आणल्या जी, पोट्ट्यायले दाखवायले." मी बेसावधपणे पुडी उघडली. आत खाजकुहिरीच्या वाळक्या शेंगा, आणि त्यांच्या अंगावरची ती सोनेरी, मखमली, हरामखोर लव. वारा नव्हता तरी ती उडाली आणि माझ्या मनगटावर बसली. पुढचा तास मी प्रयोगशाळेच्या मागे उभी राहून हातावर शेण चोळत होते. "शेणाशिवाय नाही जात जी," असं उद्धवभाऊ लांबून सांगत होते. मुली खिडकीतून बघून फिदीफिदी हसत होत्या. बारावीला स्वच्छतेचा धडा शिकवणारी बाई कोपरापर्यंत शेणात, म्हणजे हसणारच.

त्या शेणाच्या वासातून एक शब्द वर आला. प्रुरिएन्स. म्यूकुना प्रुरिएन्स, खाजकुहिरीचं लॅटिन नाव. प्रुरिएन्स म्हणजे खाजणारी, किंवा आमच्या भाषेत अगदी नेमकं सांगायचं तर, खाजून राहिलेली. आणि शब्दाच्या पाठोपाठ, इतक्या वर्षांनी, खर्र्याचा वास आला.

खर्रा ज्याला माहीत नाही तो सुखी माणूस. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटघोट घोटायचा आणि गालात कोंबायचा, की झाला खर्रा. आमच्याकडे तो देवघरातल्या तीर्थासारखा हातोहात फिरतो. मी भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख, आम्ही त्यांना हेड सर म्हणायचो, तासाला यायचे ते गालात गोळा घेऊनच. तोंड वर करून बोलायचे, रस सांडू नये म्हणून. लॅटिन नावाचा पहिला अर्धा भाग स्वच्छ ऐकू यायचा. शेवटाकडे लाळ जमायची आणि प्रत्यय तिच्यात बुडून जायचा. मग सर खिडकीशी जायचे, पिच्च करून पिचकारी मारायचे, आणि मिशी पुसत परत यायचे. खिडकीखालची भिंत कथ्थई झाली होती. तिथल्या कण्हेरीची पानंसुद्धा धड हिरवी नव्हती.

आता लॅटिनमध्ये सगळा जीव शेवटात असतो. धान, वाटाणा आणि लाखोळीची डाळ, तिघांच्या नावात 'पेरलेला' असा एकच शब्द येतो, पण शेवट तिघांचा वेगळा. सर सांगायचे तेव्हा तिन्ही एकाच थुंकीत जायचे. तास संपल्यावर आम्ही वह्या ताडून बघायचो. माझ्या वहीत 'सटायवस', रूपेशच्या वहीत 'सटायवा', आणि मागच्या बाकावरच्या एकाने नुसतं 'सटाय' लिहून पुढे रेघ ओढलेली.

एकदा रूपेशनं धीर करून विचारलं, "सर, शेवटी काय म्हटलं जी?"

सर खिडकीशी जाऊन आले. "जे म्हटलं तेच."

शी! आजही लिहिताना तोंडाला पाणी सुटतं, ते वेगळ्या अर्थानं.

सरांच्या झेरॉक्स नोट्स होत्या, आणि विभागात त्यांच्यावर अपील नव्हतं. त्या नोट्समध्ये खाजकुहिरीचं नाव होतं म्यूकुना प्रुरिएन्टा. शिंगाड्याचं ट्रापा नॅटन्टा. कारणही सर ठासून सांगायचे, "म्यूकुना बाई आहे, ट्रापा बाई आहे. बाईच्या मागं आकारान्तच येईल ना? डोकं लावा." मराठी माणसाला हे लगेच पटतं. खाजरा, खाजरी, खाजरं. आपल्याकडे विशेषण नावाच्या मागे लिंग धरून चालतंच की. आम्हालाही पटलं होतं.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा फुटून तेव्हा फार काळ झाला नव्हता. पाट्या रंगवून व्हायच्या होत्या, कचेऱ्यांचे कागद अजून इकडून तिकडे जात होते. सरांनी जिल्ह्याच्या वनस्पतींवर पुस्तक लिहायला घेतलं होतं, आणि जुन्या यादीतली नवेगावकडची झाडं ते लाल पेनानं कापत बसायचे. "हे गोंदियात गेलं. हेही गेलं." जणू झाडं सामान बांधून बदलीवर निघाली होती. त्या कापाकापीत त्यांना जी गोडी वाटायची ती बघूनही मला कसंतरी व्हायचं.

आणि निनावे मॅडम होत्या. तासिकेवर नेमलेल्या. जेवढे तास तेवढं मानधन, आणि उन्हाळ्यात तेही नाही. मोहाडीहून बसनं यायच्या. घर विणकरांचं. वडिलांचा हातमाग जवळजवळ बंद पडलेला, धाकटा भाऊ शिकत होता, त्यामुळे घर मॅडमवरच. त्या वर्षी विभागात कायमची जागा निघणार होती. मुलाखतीच्या आधी हेड सरांचा शेरा लागणार होता. चांगला शेरा, तर जन्माची सोय. वाईट शेरा, तर बस बंद. हे मॅडमना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, कॉलेजसमोरच्या चहावाल्यालाही माहीत होतं.

मॅडमना लॅटिनचं वेड कुठून लागलं, तर नागपूरला शिकताना जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक फाटकं व्याकरण मिळालं होतं तिथून. मागाच्या खटखटीत ते पाठ केलं म्हणायच्या. आम्हाला हसू यायचं. मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यात लॅटिन, म्हणजे बाप्पा!

हिवाळ्यात त्या आम्हाला एका तलावावर घेऊन गेल्या, शिंगाडा बघायला. तलाव म्हणजे कविता नव्हे. काठाला बेशरमाची झुडपं माजलेली, म्हशींनी ढवळलेला गाळ, सडक्या वेलींचा वास, आणि त्या वासात मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या बायका लाकडी होड्यांवर, म्हणजे डोंग्यांवर, ओणव्या होऊन शिंगाडे तोडत होत्या. मॅडम चप्पल काढून सरळ गुडघाभर गाळात उतरल्या. पोटरीला जळू चिकटली होती, ती त्यांनी बोलता बोलता उपटून फेकली. मी दोन पावलं मागे सरकले. त्यांनी शिंगाड्याच्या पानांचं फुलासारखं पसरलेलं चक्र हातात धरलं आणि विचारलं, "काय करून राहिलं हे?"

"तरंगून राहिलं, मॅडम."

"हं. तेच नॅटन्स. तरणं या धातूचं अंग घ्यायचं, 'नॅट'वालं, आणि त्याले 'न्स' लावायचं. खाजणं घेतलं तर प्रुरिएन्स. झालं वर्तमानाचं धातुसाधित. आता मले सांगा, डोंगा काय करून राहिला? वेल काय करून राहिली? पान काय करून राहिलं?"

"तरंगून राहिला, राहिली, राहिलं."

"आपण बदलतो. लॅटिन इथं बदलत नाही. एकवचनात, प्रथमेत, तिघायलेही नॅटन्सच. बाई असो, माणूस असो, नाहीतर वस्तू."

रूपेश म्हणाला, "मंग बाई हाय का माणूस, समजते कसं?"

"नावावरून समजते ना! पोहण्याले कायले विचारतं? पोहणं कोणाचंही असो, पोहणंच असते."

डोंग्यावरच्या बायका हसल्या. मॅडमही हसल्या, पण थांबल्या नाहीत. "आता षष्ठी. पोहणारा म्हणतो आपण. पण 'पोहणाराचा' म्हणतो का?"

"नाही. पोहणाऱ्याचा."

"मधात काय झालं?"

"सामान्यरूप," मी म्हणाले. दहावीत मार खाऊन शिकलेलं होतं.

"तसंच इथं. नॅटन्स, षष्ठी नॅटन्टिस, चतुर्थी नॅटन्टी. आत लपलेला ट प्रत्यय लागला की बाहेर येतो. प्रथमेत तो दिसत नाही." बस्स, तेव्हा मला सरांच्या नोट्सचा उलगडा झाला. तो लपलेला ट सरांनी कधीकाळी कुठेतरी ओझरता बघितला असणार, आणि त्याला बाईपणाचं शेपूट लावून दिलं असणार. मॅडम मात्र सरांचं नाव घेऊन एक अक्षर बोलल्या नाहीत.

परतताना बांधाबांधानं आलो. धान निघून गेलं होतं आणि त्याच ओलीवर लाखोळी उगवली होती. मॅडम म्हणाल्या, "हे पेरलेलं. पेरलेला, पेरलेली, पेरलेलं. लॅटिनही इथं तिघांना तीन शेवट देते, आपल्यासारखीच. म्हणजे पाहा, झालेलं काम बाई का माणूस ते पाहते. चालू असलेलं पाहत नाही." आणि पुन्हा हसल्या. मला तेव्हा ते नुसतं व्याकरण वाटलं.

शिकवणे या धातूचं धातुसाधित डोसेन्स. शिकवणारा आणि शिकवणारी, दोघांना एकच रूप. लॅटिनमध्ये. आमच्या विभागात सर कायम आणि मॅडम ताशी.

मग आला फाल्गुन आणि आली प्रात्यक्षिक परीक्षा. त्या दिवसांचा वास म्हणजे फॉर्मॅलिन, डांबरगोळ्या, मोहाची फुलं आणि खर्रा यांचं कालवण. नागपूरहून बाहेरचे परीक्षक यायचे होते. त्यांची सरबराई विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून होते, हे कुणी कुणाला सांगायचं नसतं, सगळ्यांना माहीतच असतं. आदल्या दिवसापासून सर वाहनाची, मटणाची आणि चिन्नोर तांदळाच्या पोत्याची व्यवस्था बघत होते. परीक्षा आमची होती की तांदळाची, कळत नव्हतं.

ओळखायला ठेवलेल्या वस्तूंत काचेच्या बरणीत खाजकुहिरीची शेंग होती. आम्ही आधी मॅडमना विचारलं होतं, "मॅडम, काय लिहू जी? नोट्समधलं का तुम्ही सांगितलं ते?"

त्यांनी आधी दाराकडे पाहून घेतलं. "माह्या नावानं काही लिहू नका. जे बरोबर वाटते ते लिहा."

आता सांगा, ज्या बाईनं गाळात उभं राहून शिकवलं, तिच्या वर्गातली पोरं काय लिहिणार? सगळ्यांनी प्रुरिएन्स लिहिलं. ज्यांना फुलाचे भाग सांगता आले नाहीत त्यांनीही प्रुरिएन्स लिहिलं. आम्हाला वाटलं, मॅडमचं नाव होईल. मुलाखत तोंडावर आली आहे, बाहेरच्या परीक्षकांनी कौतुक केलं तर जागा पक्की. आमच्या अकलेनं आम्ही त्यांना हार घालत होतो.

परीक्षक जाडजूड, हसतमुख होते. कागद चाळत म्हणाले, "अरे वा! भंडाऱ्याच्या पोरांना लॅटिन येतं की. सगळीकडे चुकतात हे. कोणी शिकवलं?"

आणि आम्ही सगळ्यांनी, मोठ्या अभिमानानं, दाराशी उभ्या असलेल्या निनावे मॅडमकडे हात केला. रूपेश तर भरात येऊन म्हणाला, "सरांच्या नोट्समध्ये चूक होती जी. मॅडमनं दुरुस्त केली."

हेड सर हसले. तोंड भरलेलं होतं, त्यामुळे हसताना हनुवटीवर एक कथ्थई ओघळ आला. तो त्यांनी तळहातानं पुसला आणि तोच हात मॅडमच्या पाठीवर थोपटला. "आमच्या बाई हुशार आहेत," ते परीक्षकांना म्हणाले. मॅडमच्या पांढऱ्या-निळ्या हातमागाच्या साडीवर बोटांचे डाग उमटले. परीक्षक जेवायला गेले. मटण त्यांना आवडलं, असं नंतर कळलं. तांदळाचं पोतं गाडीत चढलं.

कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. एवढ्या सभ्यपणे गळा कापलेला मी पुन्हा पाहिला नाही. मुलाखत झाली, जागा सरांच्या कुण्या लांबच्या नात्यातल्याला मिळाली, आणि पुढच्या सत्रात तासिकेच्या पाटीवरही मॅडमचं नाव नव्हतं. निकाल घ्यायला गेलो तेव्हा आम्ही विचारलं. सर खिडकीशी जाऊन आले आणि म्हणाले, "ताशी बाई होती. तास संपला." स्वतःच्या विनोदावर ते खुश झाले. त्या क्षणी मला जी किळस आली ती खर्र्याची नव्हती. खर्रा बिचारा धुतला की जातो.

हे सगळं विसरले असते कदाचित. पण या वर्षी खाज सुटली त्याच आठवड्यात सरांच्या सत्काराचं निमंत्रण आलं. माजी विद्यार्थ्यांनी आयोजित केलेला सोहळा, सोबत सरांच्या त्याच वनस्पतींच्या पुस्तकाचं प्रकाशन. रूपेशचा फोन आला, "चालतं का वं?" मी म्हटलं, "मले ओकारी होते." तो म्हणाला, "मलेही होते. पण पुस्तक फुकट देऊन राहिले." गेलो.

सर स्टेजवर बसले होते. तोंड उघडत नव्हतं. म्हणजे खरंच उघडत नव्हतं. इतक्या वर्षांच्या खर्र्यानं गाल आतून आखडून गेले होते, दातांच्या फटीतून कसाबसा चमचा जाईल एवढीच जागा. भाषण केलं, त्यात एकाही शब्दाचा शेवट ऐकू आला नाही. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "देवानं पाहिलं." मला तिचाही राग आला. देवाला एवढंच काम आहे का? असा किती जणांचा खर्रा तो मोजत बसणार? मला आनंद झाला नाही आणि दयाही आली नाही.

मग पुस्तकं वाटली. मी आधी खाजकुहिरीचं पान काढलं. म्यूकुना प्रुरिएन्स. स्वच्छ, तिरक्या अक्षरात, बरोबर. बरोबर! म्हणजे त्यांना कळलं होतं. चूक कळली होती, पटली होती, गुपचूप दुरुस्तही केली होती. प्रस्तावनेत आभार होते संस्थेचे, पत्नीचे, छापखान्याचे, ड्रायव्हरचेसुद्धा. निनावे हे आडनाव कुठेही नव्हतं. त्या आडनावाचा अर्थ इतका शब्दशः कुणी लावला नसेल. पेढा माझ्या हातात होता, तो मी रुमालात गुंडाळून खुर्चीखाली ठेवून दिला.

परत येताना रूपेशला म्हटलं, गाडी मोहाडीकडे वळव. आठवडी बाजार भरला होता. मिरच्यांचा खकाणा, सुक्या मासळीचा वास, माशा. त्या गर्दीत निनावे मॅडमच्या भावाचं कापडाचं दुकान आहे. मॅडम तिथे गादीवर बसतात. संध्याकाळी दहावीच्या मुलींची शिकवणी घेतात, बाकी दिवसभर साड्या आणि लुगडी. केस पांढरे झालेत, चष्मा आलाय, साडी अजून हातमागाचीच.

मी खाजकुहिरीचं पान उघडून पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा सारखा केला, वाचलं.

"शेवट बरोबर केला वं त्यानं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुम्हाले राग नाही येत? आम्ही त्या दिवशी तसं लिहिलं नसतं तर..."

"मंग काय चुकीचं लिहायचं होतं?" त्या एकदम तडकल्या. "राग येते. काहून नाही येणार? रोज येते. पण तुमचा नाही येत. आता वाचू दे मले."

त्या पानं उलटत राहिल्या. एका पानाशी थांबल्या आणि जेवणात केस निघावा तसं त्यांचं तोंड झालं. पुस्तक माझ्याकडे फिरवलं. ट्रापा नॅटन्टा.

"हे राहिलंच," त्या म्हणाल्या.

"हे परीक्षेत आलं नव्हतं ना, मॅडम."

त्यांना ते कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी बिलाचं पेन उचललं, शेवटची दोन रोमन अक्षरं खोडली, त्यांच्या जागी एकच लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मारली. एक गिऱ्हाईक लुगड्याची घडी हातात धरून केव्हाचं उभं होतं.

"थांबा जी," मॅडम त्या बाईला म्हणाल्या, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तोच आवाज, तलावावरचा. "षष्ठी?"

माझं मनगट अजून खाजत होतं. भर बाजारात, सुक्या मासळीच्या वासात, मी सरळ उभी राहिले.

"नॅटन्टिस."

"चतुर्थी?"

"नॅटन्टी."

"हं." त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या. "बोला जी, काय दाखवू?"